नवव्या दिवसाचं रक्त

पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत तिला सगळे ‘ठिणगीबाई’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती, पण तिची पाठ वळली की हेच नाव. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. “विझलेली तरी म्हणत नाहीत ना,” असं ती नवऱ्याला सांगायची. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. तो काच पुसता पुसता म्हणायचा, “विझायला आधी थांबावं लागतं. तू कुठे थांबतेस?”

सत्तावीस वर्षं ती एकच काम करत आली होती. सकाळी सातला बर्फाची पेटी गाडीत ठेवायची आणि ठरलेल्या नळांवरून पाण्याचे नमुने गोळा करायचे. नळ आधी दोन मिनिटं सोडून ठेवायचा. मग त्याचं तोंड स्पिरिटच्या पेटत्या बोळ्यानं शेकायचं, तेव्हा कुठे बाटलीचं बूच काढायचं, आणि तेही बोटं आत लागू न देता. बाटलीवर तारीख, वेळ, जागा, स्वतःची सही. दुपारपर्यंत सगळ्या बाटल्या प्रयोगशाळेत आल्याच पाहिजेत. उशीर झाला तर नमुना बाद, पुन्हा जायचं. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकून घ्यायला लावायची: पाणी काय सांगतं ते नंतर बघा, नमुना कधी, कुठून आणि कुणी घेतला ते आधी बघा.

एकदा एका शाळेच्या टाकीचा नमुना खराब आला. साहेब म्हणाले, “पुन्हा एकदा तपासू, मग कळवू. उगाच बोभाटा नको.” तिनं पुन्हा नमुना घेतला खरा, पण शाळेतून निघायच्या आधी वर्गातला खडू मागून टाकीच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं, “हे पाणी पिऊ नका.” साहेब तणतणले. ती म्हणाली, “साहेब, दुसरा निकाल यायला दोन दिवस. तोवर पाणी कोण पिणार, तुम्ही का ती पोरं? जे पितात त्यांना आधी कळलं पाहिजे.” दुसरा निकालही खराबच आला. त्यानंतर साहेबांनी त्या विषयावर तोंड उघडलं नाही, पण पगारवाढीच्या वेळी तिच्या फाइलवर ‘स्वभाव तापट’ असा शेरा मारायला ते विसरले नाहीत.

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पोटात सारखं जड वाटतं म्हणून तिनं सोनोग्राफी करून घेतली, तर यकृतात गाठ निघाली, लिंबाएवढी. काविळीचा जुना विषाणू शरीरात कधी शिरला आणि किती वर्षं दबा धरून बसला, ते कुणालाच सांगता आलं नाही. रक्त तपासलं. यकृताच्या कर्करोगात वाढणारं एक प्रथिन असतं, एएफपी म्हणतात त्याला. निरोगी माणसात ते दहाच्या आत असायचं, तिचं सहाशे दहा होतं. सर्जन म्हणाले, गाठ एकच आहे, कडेला आहे, बाकीचं यकृत बरं आहे, काढून टाकू.

“टाका काढून,” ती म्हणाली. “ठेवून काय करायचंय?”

दहा तारखेला ऑपरेशन झालं. यकृताचा एक तुकडा गेला, पोटावर बत्तीस टाके आले. सहाव्या दिवशी तापानं गाठलं. जखमेत पू झाला होता. आठव्या दिवशी खालचे चार टाके उसवून तो काढावा लागला, आणि पुढचे पाच दिवस ती एकशे तीन तापात पडून होती. त्या दिवसांतलं तिला फार थोडं आठवत होतं: छतावरचा पंखा, कपाळावरचं ओलं फडकं, आणि रोज पहाटे कुणीतरी येऊन दंडाला पट्टा बांधून रक्त काढायचं ते. मग ताप उतरला, जखम भरली आणि ती घरी आली. दीड महिन्यानं पुन्हा रक्त तपासलं तेव्हा एएफपी पाचवर आलं होतं. सर्जन म्हणाले, “छान आहे. दर तीन महिन्यांनी येत जा.” असं म्हणताना त्यांनी तिच्याकडे नाही, तिच्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. तिला ते खटकलं. पण माणूस दमलेला असेल म्हणून तिनं सोडून दिलं.

घरात मात्र काहीतरी भलतंच चाललं होतं.

पहिली गोष्ट म्हणजे नवरा भांडेनासा झाला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात दोघांचं रोज काही ना काही वाजायचं. पंखा किती वेगात ठेवायचा इथपासून ते बातम्या कुठल्या बघायच्या इथपर्यंत. आता ती काहीही बोलली की तो म्हणायचा, “तू म्हणशील तसं.” एकदा तिनं मुद्दाम त्याची आवडती जुनी खुर्ची भंगारात द्यायची गोष्ट काढली. “दे ना,” तो म्हणाला. तिच्या अंगावर काटा आला.

दुसरी गोष्ट मुलीची. मुलगी पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होती. लांबच्या एका खाडीवर मोठा पूल व्हायचा होता आणि त्या कामावर तिची नेमणूक झाली होती. ऑपरेशनच्या आधी ती पुलाचे नकाशे आईच्या पलंगावर पसरून बसायची. आता अचानक म्हणाली, “मी नाही जात. मला तिथलं हवामान मानवणार नाही.”

“हवामान? अगं, तू भर उन्हात डोक्यावर लोखंडी टोपी घालून दिवसभर उभी राहणारी मुलगी.”

“नाही वाटत गं जावंसं, आई. माझ्या मनानंच ठरवलंय मी.”

आणि तिसरी गोष्ट धाकट्या भावाची. भाऊ एका शाळेत पर्यवेक्षक होता. शाळेचं वेळापत्रक लावता लावता साऱ्या खानदानाचं वेळापत्रक लावायची त्याला खोड लागली होती. तो आता आठवड्यातून तीनदा यायचा, तिच्या पायाशी बसायचा आणि लहानपणीच्या गोष्टी काढायचा. “ताई, तुला आठवतं, तू मला पाठीवर घेऊन ओढा ओलांडला होतास?” असं म्हणताना त्याचे डोळे भरून यायचे. ती वैतागून म्हणायची, “ओढ्यात गुडघाभर पाणी नव्हतं. आणि तू मला वाटेत चावला होतास.”

चार महिन्यांनी डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही असं लिहून दिलं. त्या सकाळी ती पावणेसातलाच प्रयोगशाळेत हजर झाली. तर बर्फाची पेटी भलत्याच माणसाच्या हातात, आणि तो गाडीत बसून निघालेला. ती तडक साहेबांच्या खोलीत गेली.

“साहेब, माझी फेरी दुसऱ्याला कशी दिलीत?”

“या, बसा बाई. कशा आहात?” साहेबांचा आवाज इतका मऊ तिनं आयुष्यात ऐकला नव्हता. “तुम्ही आता बसूनच काम करायचं. नोंदवही बघा, निवांत. हवं तेव्हा घरी जा.”

“मला कामाला लायक म्हणून लिहून दिलंय. कागद तुमच्याच टेबलावर आहे.”

“तो आहे हो. पण तुमचे बंधू येऊन गेले होते मागे. त्यांनी सगळं सांगितलं. एवढं सगळं असताना उन्हातान्हात फिरायचं म्हणजे...”

“एवढं सगळं म्हणजे काय?”

साहेबांनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. आपण नको ते बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं, पण तिच्या नजरेतून सुटका नव्हती.

“म्हणजे... ते रक्तावरून स्कोअर काढतात ना. तो वाईट आलाय म्हणाले. दोन वर्षांत पुन्हा होण्याची शक्यता फार. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपलं रक्त, आपलं यकृत, आपलं मरण. आणि ते पगारवाढ अडवणाऱ्या ह्या माणसाला ठाऊक, आपल्याला नाही! साहेब, त्यांचा शिपाई, बहुधा गाडीचा ड्रायव्हरसुद्धा, सगळ्यांना माहीत. बाहेर पडताना तिनं दार असं आपटलं की शेजारच्या खोलीतल्या काचेच्या नळ्या किणकिणल्या.

तशीच, अंगावर कामाचा पांढरा कोट, बस पकडून ती रुग्णालयात गेली. बाह्यरुग्ण विभागात पन्नास माणसं बसली होती. ती रांगेत बसली. दोन तास बसली. रांग मोडून आत घुसणाऱ्यांचा तिला आयुष्यभर संताप होता आणि आजच्या दिवशीही तो नियम मोडायचा नाही असं तिनं स्वतःला बजावलं. त्या दोन तासांत राग निवायच्या ऐवजी मुरत गेला.

सर्जननी तिला बघून हसून खुर्ची दाखवली. ती उभीच राहिली.

“माझा स्कोअर काय आहे?”

त्यांचं हसू गेलं. “कोणी सांगितलं तुम्हाला?”

“माझ्या साहेबांनी. त्यांना माझ्या भावानं. भावाला तुम्ही. मी शेवटची. आता मला सांगा.”

“हे बघा ताई, तुमच्या भावानं आणि मिस्टरांनी अक्षरशः हात जोडले. म्हणाले, तिला सांगू नका, ती खचेल.”

“तुम्ही मला विचारलंत? मी शुद्धीवर होते. पोटावर बत्तीस टाके घेऊन स्वतःच्या पायांनी संडासला जात होते, तेव्हा नाही खचले. आकडा ऐकून खचले असते?”

“घरच्यांची इच्छा असते, आम्हालाही...”

“रक्त घरच्यांचं काढलंत का?”

सर्जन माणूस वाईट नव्हता. रोज चार पोटं उघडायची आणि शंभर माणसांशी बोलायचं, यात घरच्यांचं ऐकणं त्याला सोपं पडत आलं होतं. त्यांनी फाइल मागवली आणि एक कागद तिच्यापुढे सरकवला. इथे ऑपरेशन झालेल्या जुन्या रुग्णांवरून त्यांनी एक गणित बसवलं होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार, प्लेटलेट, अल्ब्युमिन नावाचं प्रथिन आणि एएफपी, एवढे आकडे घालायचे, की रुग्ण कमी, मध्यम की जास्त धोक्याच्या गटात ते कळायचं. जास्त धोका असेल तर तपासण्या अधिक बारकाईनं करायच्या, असा त्यामागचा हेतू. तिच्या नावापुढे ‘जास्त’ असं होतं. त्या गटातल्या शंभरातल्या सत्तर जणांना दोन वर्षांत पुन्हा गाठ झाली होती.

तिनं कागद हातात घेतला. सत्तर हा आकडा तिनं वाचला, पण तिची नजर सवयीनं वरच्या कोपऱ्यात गेली. नमुन्याची तारीख. एकोणीस.

“हे रक्त एकोणीस तारखेचं आहे.”

“हो का? असेल.”

“ऑपरेशन दहाला झालं. एकोणीस म्हणजे नववा दिवस. त्या दिवशी मी तापानं फणफणले होते. आदल्या दिवशी टाके उसवून पू काढला होता तुम्ही.” तिनं कागद टेबलावर ठेवला आणि त्या तारखेवर बोट ठेवलं. “मला तुमचं शास्त्र कळत नाही. पण पू झालेला असताना घेतलेलं रक्त ह्या गणिताला चालतं का?”

सर्जननी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि कागद ओढून घेतला. मग फोन उचलून संशोधनाचं काम बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंना खाली बोलावलं. त्या आल्या, त्यांनी तारीख बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“नाही चालत,” त्या सरळ म्हणाल्या. “ऑपरेशनच्या आधीचं रक्त लागतं. जंतुसंसर्ग झाला की पांढऱ्या पेशी वाढतात, अल्ब्युमिन उतरतं. तुमची आधीची तपासणी कुठे झाली होती?”

“घराजवळच्या लॅबमध्ये. रिपोर्ट फाइलला लावलेला आहे, गुलाबी कागद.”

गुलाबी कागद फाइलमध्येच होता. बाहेरच्या लॅबचा म्हणून तो संगणकात कुणी भरलाच नव्हता, आणि हे सगळे आकडे असलेलं जे पहिलं रक्त संगणकाला सापडलं तेच त्यानं उचललं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिच्यासमोर बसून आकडे पुन्हा घातले. यंत्रानं घटकाभर विचार केला आणि उत्तर दिलं. मध्यम.

“मध्यम म्हणजे शंभरात चाळीस,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण एक सांगते. हे शंभर माणसांचं सांगता येतं. त्या चाळिसांत तुम्ही की साठांत, ते हा आकडा सांगत नाही.”

“एवढं मला सांगितलं असतंत तर समजलं असतं,” ती म्हणाली. “पाण्याचंही असंच असतं.” आणि मग तिचा आवाज चढला, इतका की बाहेरचे पन्नास जण मान वळवून बघायला लागले. “चार महिने! चार महिने माझ्या घरात माझं सुतक पाळतायत, आणि तेही चुकीच्या बाटलीवर! आम्ही नळाच्या पाण्याला लावतो तेवढं डोकं माणसाच्या रक्ताला लावू नये तुम्ही?”

सर्जननी माफी मागितली. तिनं ती ऐकली आणि स्वीकारली नाही. आपल्या सगळ्या रिपोर्टांच्या प्रती मागून घेतल्या आणि फाइलच्या पहिल्या पानावर, त्यांच्याच पेनानं, त्यांच्याच समोर लिहिलं: “माझा प्रत्येक अहवाल आधी मला सांगावा. मी सांगेन तेव्हाच इतरांना.” खाली सही, तारीख, वेळ.

घरी पोचल्यावर तिनं भावाला फोन केला. “आत्ताच्या आत्ता ये.” तो आला. नवरा दुकान बंद करून आला. मुलगी घरातच होती. तिनं तिघांना समोर बसवलं आणि कागद मधे ठेवला. कुणाला काही सांगावं लागलं नाही. तिघांच्याही माना एकदम खाली गेल्या, आणि तेच तिला सर्वांत झोंबलं. तिघांनी मिळून, इतके दिवस, एका छपराखाली.

“कुणाची कल्पना?” तिनं विचारलं.

“माझी,” भाऊ म्हणाला. “ताई, तुझ्याच भल्यासाठी. तू उगाच काळजी करत बसली असतीस. शेवटचे दिवस तरी...”

“शेवटचे दिवस कुणाचे? माझे? मग ते मी कसे घालवायचे ते ठरवणारा तू कोण? माझ्या साहेबाला जाऊन सांगतोस? माझं काम काढून घ्यायला लावतोस? शाळेत पोरांना वर्गाबाहेर उभं करतोस तसं मला माझ्याच आयुष्याबाहेर उभं केलंस तू!”

मग ती मुलीकडे वळली. आवाज एकदम खाली आला. “पुलाचं काम तू ह्यामुळे सोडलंस?”

मुलगी रडायला लागली. “तू गेल्यावर मला वाटलं असतं, मी तिकडे पूल बांधत बसले आणि आई इकडे...”

“हवामान म्हणालीस तू मला. हवामान!”

“अगं, ऐकून तर घे,” नवरा म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “चूक आमचीच. पण मला तुझ्यासमोर तो आकडा उच्चारताच आला नसता. तुझी नाही, माझीच छाती झाली नसती.”

 त्याच्याकडे बघून ती कळवळली, आणि तिला कळवळल्याचाही राग आला. मग तिनं एकोणीस तारखेची सगळी हकिकत सांगितली. नववा दिवस, ताप, गुलाबी कागद, मध्यम. मुलगी रडता रडता हसायला लागली. नवऱ्यानं डोळ्यांवर हात धरले. आणि भाऊ उठून टाळी वाजवून म्हणाला, “म्हणजे सगळं ठीकच आहे की! मग कशाला एवढं भांडतेस, ताई?”

तिनं त्याला दाराबाहेर काढलं. शब्दशः, दंडाला धरून. त्यानंतर दहा-अकरा महिने ती त्याच्याशी बोलली नाही.

नवऱ्याशी अबोला तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी तो पंख्यावरून तिच्यावर खेकसला. तिनंही आवाज चढवला, आणि घर पूर्वीसारखं दणाणायला लागलं. मुलीनं कंपनीत विचारलं, पण ती जागा भरली होती. खाडीवर दुसरा इंजिनिअर गेला होता. मुलीला मग जवळच्याच एका ओढ्यावरच्या लहान पुलाचं काम मिळालं. ती म्हणायची, “पूल तो पूल, आई.” आईला ते पटत नसे. साहेबांनी तिची फेरी तिला परत दिली. ती बर्फाची पेटी उचलताना कुणी मदतीला पुढे आलं की अशी बघायची की तो माणूस दोन पावलं मागे जायचा.

रुग्णालयाचा पिच्छा मात्र तिनं सोडला नाही. लेखी तक्रार दिली. ‘आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे’ असं उत्तर आलं. ते घेऊन ती पुन्हा गेली. “नोंद घेतलीत, पुढे काय केलंत? ही चूक माझी एकटीचीच झाली कशावरून? बाकीच्यांची बाटली तपासलीत?” तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं. त्यांनी जुन्या सगळ्या फाइली काढून तपासल्या होत्या. अकरा जणांचा स्कोअर ऑपरेशननंतरच्या रक्तावरून निघाला होता.

“अकरा?” ती ओरडली.

“हो. आम्ही सगळ्यांचे दुरुस्त केले. काहींचे तसेच राहिले, काहींचे बदलले.” त्या थांबल्या. सांगावं की नाही अशा घुटमळल्या आणि मग म्हणाल्या, “एका गृहस्थांना घरचे तपासणीला आणतच नव्हते. धोका जास्तच आहे तर कशाला त्यांना सुया टोचायच्या, म्हणून. त्यांना फोन केलाय. ते येतायत.”

जो आकडा अधिक जपून बघण्यासाठी काढला, त्याच आकड्यापायी एका माणसाकडे बघायचंच सोडून दिलं होतं. तिला त्या माणसाचं नाव कुणी सांगितलं नाही, सांगायचा प्रश्नच नव्हता. त्याचं पुढे काय झालं तेही तिला कधी कळलं नाही. पण कितीतरी दिवस नमुन्याच्या बाटलीवर तारीख घालताना तिला तो आठवायचा आणि पेन कागदात रुतायचं.

ऑपरेशनला सव्वा वर्ष होत आलं. दर तीन महिन्यांचे आकडे तिच्या हातात पडत होते: पाच, चार, सहा. मग अकरा. सर्जन म्हणाले, महिन्यानं पुन्हा बघू. महिन्यानं अठ्ठावीस. त्यांनी तिला एकटीला आत बसवून सरळ सांगितलं. “वाढतंय. एमआरआय करायला हवा.”

रुग्णालयाच्या बाहेर एक सिमेंटचा बाक होता. तिथे ती बसली.  इतके दिवस रागानं जी जागा अडवली होती तिथे आता भीती येऊन बसली, आणि ती किती मोठी आहे ते तिला पहिल्यांदाच दिसलं. क्षणभर तिला वाटलं, घरी सांगूच नये. नवऱ्याचा चेहरा पुन्हा तसा पांढरा पडलेला बघायचा नाही. मुलगी पुन्हा काम सोडेल. एमआरआय होऊ दे, मग बघू. आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण नेमकं काय करायला निघालोय. ती स्वतःवरच इतकी चिडली की बाकावरून ताडकन उठली.

घरी जाऊन पायातल्या चपलाही न काढता तिनं नवऱ्याला आणि मुलीला सांगितलं. “आकडा वाढलाय. अठ्ठावीस. परवा एमआरआय. काम कुणीही सोडायचं नाही आणि माझ्याशी गोड बोलायचं नाही.” मग भावाला फोन लावला. तिचा आवाज ऐकून पलीकडे तो गडबडला. ती म्हणाली, “मी सांगतेय, तू ऐकायचंस. मधे बोलायचं नाही.” त्यानं ऐकलं. शेवटी एवढंच विचारलं, “ताई, मी कुणाला सांगू?”

“कुणालाही नाही.”

“बरं.”

एमआरआयमध्ये दीड सेंटिमीटरची नवी गाठ दिसली. इतकी लहान की पोट उघडायची गरज नव्हती. बाहेरून सुई घालून ती जाळून टाकता येणार होती. सर्जन म्हणाले की रक्ताचा आकडा महिन्यानंच पुन्हा बघितला म्हणून ती एवढ्यात सापडली. तिनं त्यांना सुई किती जाड, भूल कसली, जाळलेल्या जागेचं पुढे काय होतं, सगळं विचारून घेतलं. एकाही प्रश्नाचं उत्तर देताना त्यांनी तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं नाही.

सुईचं काम पाऊण तासात झालं. त्या दिवशी नवरा, मुलगी आणि भाऊ तिघंही बाहेर बसले होते. नर्स अहवाल घेऊन आली तेव्हा भावानं सवयीनं हात पुढे केला, आणि मागे घेतला. पाकीट आत, तिच्या पलंगापाशी गेलं. तिनं ते पूर्ण वाचलं, दोनदा, आणि मग तिघांना आत बोलावलं. सहा आठवड्यांनी एएफपी सहावर आलं.

याला आता तीन वर्षं झाली. पुन्हा गाठ झालेली नाही. होणार नाही असं कुणी म्हटलेलं नाही, आणि म्हटलं तर ती त्याला उभा सोलेल. तिची निवृत्ती जवळ आली आहे. रुग्णालयात आता दाखल होतानाच एक कागद भरून घेतात, अहवाल कुणाला सांगायचा म्हणून. डॉक्टरीणबाईंनी तो सुरू केला. सगळ्या विभागांत अजून भरत नाहीत, म्हणून ती दर तपासणीला एकेका विभागात डोकावून विचारते. तिकडचे लोक तिला बघितलं की दुसऱ्या दारानं निघून जातात म्हणे.

गेल्या खेपेला रक्त द्यायला ती गेली तेव्हा भाऊ सोबत होता. सुट्टी होती म्हणून आपणहून आला होता. रांगेत बसल्या बसल्या तो म्हणाला, “ताई, तू मला माफ केलंस ना?”

ती दंडावरची बाही वर करत होती. “नाही,” ती म्हणाली.

तो हिरमुसला. 

“नाही केलं आणि बहुतेक करणारही नाही,” ती म्हणाली. “पण आलास ते बरं केलंस. माझी पिशवी धर, माझा नंबर आलाय.”